नापास स्फटिक

ती प्रयोगशाळेत स्फटिक वाढवायची आणि तिचा नवरा त्यांच्यावर लेसर मारायचा. पहिला झोत स्फटिकाला दचकवायचा. सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कितीतरी कमी वेळाने येणारा दुसरा झोत ते दचकणं टिपायचा. गारठवलेल्या स्फटिकात इलेक्ट्रॉन रांगा धरतात; धक्का बसला की रांगा डोलतात आणि पडद्यावर लाट उमटते. नवऱ्याला ती लाट सापडली होती. प्रयोगशाळेचे सर खूश होते, शोधनिबंध लिहायला घेतला होता.

तिला मात्र ती लाट खटकत होती. तुकडा उत्तम असो की जेमतेम, लाट तंतोतंत तीच. शेवटी भट्टीत बिघडलेला, रांगा धरूच न शकणारा एक तुकडा तिने चांगला म्हणून त्याच्या हातात ठेवला. संध्याकाळी तो हरखून सांगत आला, की आजची लाट सगळ्यात देखणी.

हा आकडे घरी बसून बनवतोय की काय? जेवताना तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. सासूबाईंनी विचारलं, काही बिनसलंय का. दोघंही एकदमच नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून ती त्याच्या शेजारी जाऊन बसली, त्याच्या बोटांवर डोळा ठेवून. त्याने कालच्याच तुकड्यावर मोजणी सुरू केली आणि हाताची घडी घालून मागे रेलला. तिच्या डोळ्यांदेखत लाट आपसूक उमटली.

"हा तुकडा नापास आहे," ती म्हणाली. "मी मुद्दाम दिला."

तो पडद्याकडे पाहतच म्हणाला, "म्हणजे तू मला पारखत होतीस."

"हो."

तो उठून झोतांचे कोन बदलत बसला. दुपारपर्यंत उलगडा झाला. स्फटिक गारठवणाऱ्या शीतपेटीच्या खिडकीतून जाताना दोन्ही झोत काचेतच एकमेकांवर पडत होते, आणि थरथरत होती ती काच. झोत फक्त स्फटिकावर भेटतील असं केल्यावर नापास तुकड्याची लाट गेली. चांगल्या तुकड्यात मात्र एक बारीकशी, लगेच विरणारी लाट उरली. तेवढीच खरी होती.

सरांना त्याने स्वतःच जाऊन सांगितलं. निबंध थांबला.

घरी तो पूर्वीसारखाच बोलतो. पण ती नवा तुकडा आणून देते तेव्हा तो चिमट्यात धरून विचारतो, "हा चांगला ना?" ती हो म्हणते. तरी तो आधी भिंगाखाली घालून बघतो.