नंदाखालची कुऱ्हाड

माणसाने शेती सुरू केली, जनावरं पाळली, दगड घासून कुऱ्हाडी केल्या, आणि या महान प्रवासात वसई तालुक्याचं स्थान मध्यवर्ती होतं. पुरातत्त्वाचे प्राध्यापक डॉ. सुधाकर सावे हे छत्तीस वर्षं ठामपणे सांगत आले होते. पुरावा तेवढा सापडायचा राहिला होता.

तो निवृत्तीला अकरा दिवस उरले असताना सापडला. नंदाखालला गॉडफ्रे लोपीसच्या वाडीत केळीसाठी खड्डा खणताना कुदळ खणकली आणि वीतभर लांबीची, घासून गुळगुळीत केलेली काळ्या दगडाची कुऱ्हाड वर आली. सर विरारहून रिक्षा करून आले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "साडेचार हजार वर्षं."

"नक्की?" गॉडफ्रे म्हणाला.

"एखादं शतक इकडेतिकडे. धार बघ, धार! घासणारा कसलेला होता. घाई नाही, चूक नाही. असा हात मी जन्मात पाहिला नाही."

"सर, जरा धुऊन बघूया का?" हेमांगीने विचारलं. ती सरांची विद्यार्थिनी, आता त्यांच्याच विभागात शिकवायची.

"हेमांगी, माती हाच अर्धा पुरावा असतो. धुवायची नाही."

कुऱ्हाड लोपीसांच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवली गेली आणि घरचे ओट्याशी उभे राहून जेवू लागले. सरांनी निरोपाच्या भाषणाचा विषय बदलला. उत्खननाच्या अर्जात 'स्थळाचा शोध लावणारे' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि दोनदा गिरवलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्थळांवर खणलेल्या माणसाला आता स्वतःचं स्थळ मिळणार होतं.

चौथ्या दिवशी ते टेप घेऊन वाडी मोजायला आले. गॉडफ्रेची आई डायनाबाई चहा घेऊन बाहेर आली.

"इथे पूर्वी काय होतं, बाई?"

"चिंच होती, ही एवढी मोठी. बंगल्यासाठी सासऱ्यांनी पाडली. मी तेव्हा नवीनच लग्न होऊन आलेली. मग एक कॉलेजचा पोरगा आला. चिंच कुठे गेली म्हणून विचारत होता. दोन दिवस नुसते खड्डे खणले त्याने. रडायचाच बाकी होता. मी त्याला पाव नि आम्लेट दिलं."

"कसा होता दिसायला?" हेमांगीने विचारलं.

"ह्यांच्यासारखाच. पण केस होते."

सरांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला. पीएचडीसाठी त्यांनी स्वतः बारा कुऱ्हाडी घासल्या होत्या आणि वर्षभरात माती धारेचं काय करते हे बघायला निर्मळ ते नंदाखाल बारा वाड्यांत पुरल्या होत्या. अकरा निघाल्या. बारावीची नोंद होती, 'चिंचेपासून पूर्वेला सहा पावलं'. ती त्यांनी विसरायचं ठरवलं होतं, आणि विसरण्यातही त्यांचा हात कसलेला होता.

"सर," हेमांगी हळूच म्हणाली, "नक्कल केलेल्या हत्याराच्या बुडाशी खूण कोरायची, असं तुम्हीच शिकवलंत ना?"

"कोरायचीच," सर सवयीने कडाडले. "नाहीतर पुढच्यांची फसगत होते."

कुऱ्हाडीवरची माती अजून जशीच्या तशी होती, आणि अर्ज सरांच्या खिशात होता.

"डायनाबाई," सर म्हणाले, "काथ्या आहे का घरात?"

नळाखाली त्यांनी स्वतः घासली. बुडाशी 'सु. सा. १२' उमटलं.

"धारेला काहीही झालेलं नाही," सर म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं, कसलेला हात आहे म्हणून?"

"मग केळ लावू?" गॉडफ्रेने विचारलं.

"लाव."

सोमवारी सर ग्रंथालयात गेले. आपल्या प्रबंधाच्या दोनशे चौदाव्या पानावर बाराव्या कुऱ्हाडीपुढचं 'मिळाली नाही' त्यांनी खोडलं आणि वर 'मिळाली' लिहून सही केली. प्रबंध कोणी कधी घरी नेला याची चिठ्ठी मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेली होती. ती कोरी होती.