बाबांचं गाऱ्हाणं

दिंडोशीच्या घरातून निलेशने वायरींना हद्दपार केलं होतं. फोन आणि लॅपटॉप त्याने वायफायवर असे जोडले होते, की इकडे काही रेकॉर्ड झालं की तिकडे आपोआप हजर. येईल त्या पाहुण्याला तो हे कौतुक दाखवायचा. पाहुणे बिचारे चहा संपेपर्यंत माना डोलवायचे.

यंदा त्याच्या वडिलांच्या, काशीरामांच्या, घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज कायमचा गेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी निलेशच्या फोनवर गणपतीपुढचं गाऱ्हाणं म्हणून ठेवलं होतं. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन देवाला साकडं घालायचं, हे मालवणी घरात कर्त्या माणसाचं काम. "माझो आवाज घरात ऱ्हवाक होयो," एवढंच ते म्हणाले होते.

चतुर्थीच्या सकाळी मखराचे फोटो काढताना निलेशचा फोन भरला. त्याने जुनं सगळं बेधडक डिलीट केलं. लॅपटॉपमध्ये आहेच की!

आरती झाली. "लाव रे तां गाऱ्हाणा," आई, विमला, म्हणाली. काशीराम नवा सदरा घालून, हात जोडून उभे होते. निलेशने लॅपटॉप उघडला. फोल्डर रिकामं. फोनमधून पुसलं की लॅपटॉपमधूनही पुसलं जाईल, ही सूचना त्याने जोडणी करताना न वाचताच 'ओके' केली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

"बाबा, गेलं. माझ्याच हातून गेलं."

काशीराम रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते देवाकडे वळले आणि ओठ हलवू लागले. ऑपरेशनमध्ये श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकातून नुसती हवा वाजत होती. प्रत्येक मागण्यानंतर घरच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. ते थांबले की निलेश म्हणत होता. काय मागितलं, कोणासाठी मागितलं, काही कळत नव्हतं. इतकी वर्षं गाऱ्हाणं चालू असताना त्याचं लक्ष मोदकांकडे असायचं. त्यातलं एक वाक्य त्याला येत नव्हतं.

मग काशीरामांनी त्याला हाताला धरून पुढे उभं केलं. खुणेने सांगितलं, आता तू बोल.

निलेशने हात जोडले. धडधाकट गळ्याचा माणूस, पण त्याच्या तोंडून हुंदक्याशिवाय काही निघेना.