दुरुस्तीची कवळी

म्हातारीने रुमालाची गाठ सोडली आणि कवळी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

"दुरुस्तीला आणलीय."

दात नसल्याने शब्द ओठांतच गोळा होत होते, पण आवाजात माघार नव्हती.

सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवणाऱ्या गृहस्थांना सगळे कवळीकाका म्हणत. त्यांनी कवळी उचलून पाहिली. एवढा रुंद जबडा या मूठभर बाईचा नव्हे, हे कुणालाही कळलं असतं.

तिचे उरलेसुरले दात याच दवाखान्यात काढले होते. हिरड्या भरल्या की कवळी फुकट मिळेल, असं सांगूनच काढले होते. हिरड्या भरेपर्यंत वरून खर्चकपात आली. नव्या कवळ्या बंद, फक्त जुन्यांची दुरुस्ती. बाहेरून करून घेण्याची तिची ऐपत नव्हती. तेव्हापासून ती सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवायची, आणि या गोष्टीची तिला मनस्वी चीड होती.

"कुणाची ही?" काकांनी विचारलं.

"माझीच."

"मग घालून दाखवा."

आता ही ओशाळेल, असं त्यांना वाटलं. तिने कवळी नळाखाली धुतली, क्षणभर हातात धरून ठेवली आणि तोंडात कोंबली. दोन्ही गाल फुगले. अंगठ्याने वर दाबून धरत ती म्हणाली,

"यजमानांची होती. ते गेले, आता माझी. जरा ढिली होतेय, एवढंच."

काकांना हसू आलं, आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली.

"ढिली तर आहेच," ते म्हणाले. "बसा. माप घ्यावं लागेल."

सहीसाठी कागद पुढे आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला.

"हिरडीवर बसणारी बैठक बदलायची, दात बदलायचे. मग काका, जुनं राहतं काय?"

"एक दात ठेवतो. सगळंच बदललं तर ती नवी होईल."

"वरून कुणी विचारलं तर?"

"तर तो दात दाखवू."

बाईंनी चष्मा पुन्हा खाली ओढला. मग त्यांनी सही केली.

"कोणता ठेवू?" काकांनी म्हातारीला विचारलं.

"मागची दाढ ठेवा. पुढचा नको. जन्मभर त्यांचंच पुढे पुढे चाललं."

कवळी मिळाली त्या दिवशी ती सगळ्यांबरोबर जेवायला बसली आणि सगळ्यांचं होईपर्यंत उठली नाही. दात आल्यावर गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हतीच.

पुढच्या सोमवारी मागच्या खोलीबाहेरचा बाक भरला होता. कुणाच्या हातात रुमाल, कुणाच्या कागदाची पुडी.

"एकदम एवढ्या कवळ्या मोडल्या?" डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या.

"वापरल्या की मोडतातच," काका म्हणाले आणि त्यांनी प्लास्टर कालवायला घेतलं.

बाकाच्या टोकाला बसलेला म्हातारा सर्वांत शेवटी उठला. त्याच्याकडे पावडरचा जुना डबा होता. त्यात बायकोची कवळी होती. डबा तो कट्ट्यावर ठेवेना.

"घालून दाखवायची गरज नाही," काका म्हणाले. "माप तेवढं घेतो. मागची दाढ ठेवू ना?"

म्हाताऱ्याने झाकण उघडून आत पाहिलं.

"पुढचा ठेवता येईल का?" तो म्हणाला. "ती हसली की दिसायचा."