छान म्हणून पिणारी माणसं

आत पाऊल टाकायच्या आधीच डोरीनने नाक मुरडलं. दुकान मुळात मासळीचं. भिंतीवरच्या पांढऱ्या फरशा तशाच होत्या. पूर्वी जिथे कॉड मासे बर्फावर आ वासून पडलेले असत, तिथे आता तिच्या जावयाने, टोबीने, फळी टाकून काउंटर केला होता. बसायला चर्चने काढून टाकलेली बाकं, म्हणजे पिताना कंबरही धरणार. गाणी नाहीत, टीव्ही नाही. खायला काय, तर बरणीतली व्हिनेगरमध्ये मुरवलेली अंडी.

आणि याला हा गडी पब म्हणत होता!

टोबी दक्षिणेकडचा, लंडनच्या बाजूचा. विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडून यॉर्कशरच्या या गावात आला, दाढी वाढवली आणि गिरणीमागच्या शेडमध्ये बनणारी गावची बीअर विकायला बसला. बीअरबद्दल बोलताना त्याचा आवाज असा मऊ व्हायचा, की जवळ पाळण्यात कुणी निजलंय असं वाटावं. खरं निजलेलं बाळ बेथनीच्या खांद्यावर होतं. त्या खांद्यावर दुधाचा डाग वाळला होता, आणि हाती ग्लासांचा ट्रे. स्वतःच्या लेकीचे खोल गेलेले डोळे बघून डोरीनचा टोबीवरचा राग आणखी वाढला.

"आई, आज बोलिंग क्लबचे लोक आलेत," बेथनी कुजबुजली. "त्यांना आवडलं तर दर शनिवारी इथेच येतील. नाहीतर उन्हाळ्याच्या आत आम्हाला दार लावून घ्यावं लागेल. तू आज काही बोलू नकोस. माझ्यासाठी."

"मी कधी बोलते?"

"आई."

"बरं बाई, नाही बोलत."

टोबीने काउंटरवरच्या पंपाचा लाकडी दांडा ओढून तिला ग्लास भरून दिला. डोरीनने एक घोट घेतला आणि तो तोंडातच धरून ठेवला. गिळवेना. बीअर पार आंबली होती. पिंप एकदा उघडलं की आत हवा शिरते, मग फार तर तीन-चार दिवस टिकते. हे या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"कशी आहे?" टोबीने क्लबवाल्यांना विचारलं.

"छान, छान," म्हातारा सटक्लिफ म्हणाला.

"वेगळी आहे," त्याच्या शेजारचा म्हणाला. "वेगळी, पण छान."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. डोरीन एकेकाचं तोंड बघत राहिली. यांच्या पानात कुणी उकडलेला बूट वाढला, तरी हे म्हणतील, जरासा चिवट आहे, पण छान. आणि पुन्हा त्या दारात पाय ठेवणार नाहीत. सभ्यपणा म्हणे! डरपोक लेकाचे.

थोड्या वेळाने सटक्लिफने अर्धा ग्लास हळूच बाजूला सारला आणि टोपी उचलली. "निघतो आता. बायको वाट बघत असेल."

सटक्लिफची बायको वारून सहा वर्षं झाली होती.

त्याच्यामागे बाकीचेही कोट चढवू लागले. डोरीन आपला ग्लास घेऊन उठली. बेथनी बाळाच्या डोक्यावरून मान हलवत होती, नको, नको. डोरीनने तिकडे पाहिलंच नाही.

"टोबी, ही आंबलीय."

प्रार्थनेत कुणी ढेकर द्यावा तसे सगळे तिच्याकडे वळून बघू लागले.

"डोरीन, ही जिवंत बीअर असते, हिच्यात यीस्ट जागं असतं," टोबी मऊपणे म्हणाला. "तिला थोडा आंबटपणा..."

"जिवंत होती रे. आता गेली. कशाला मढ्याला वारा घालतोस? पिंप कधी उघडलंस?"

टोबी खाली बघू लागला. "मागच्या रविवारी. आपलं पहिलंच पिंप होतं. ओतून देववेना."

"आणि तू रे सटक्लिफ! मेलेल्या बायकोच्या आड काय लपतोस? खरं सांग, कशी आहे?"

सटक्लिफने छताकडे पाहिलं. "आता तू विचारतेसच म्हणून... चिप्सवर व्हिनेगर म्हणून शिंपडता येईल."

मग काय, सगळ्यांनाच कंठ फुटला. मला तर वासावरूनच कळलं होतं, मी आपलं त्या पोराचं मन मोडू नये म्हणून, मी तर कोटावर सांडली. कुणीतरी आधी बोलल्यावर आलेला शहाणपणा! डोरीनने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

टोबीने स्वतः एक घोट घेतला. कानापर्यंत लाल झाला. मग दांड्यावरची बीअरच्या नावाची पाटी त्याने उलटी, भिंतीकडे तोंड करून लावली. पब चालवणारा माणूस चूक कबूल करतो ती अशी, एक शब्द न बोलता.

"दुसरं पिंप आहे ना?"

"कालपासून निवळत ठेवलंय."

"मग ओढ की! मुहूर्त बघतोस?"

कोट पुन्हा खुंटीला गेले. सटक्लिफही बसला. त्याच्या बायकोचा विषय कुणी काढला नाही.

बेथनी आईजवळ आली. "आत बोलावून त्याला एकट्याला सांगितलं असतंस तर? चार माणसांत त्याचा पाणउतारा केलास."

"ती चार माणसं निघाली होती, बेथ."

"मला माहीत होतं," बेथनी हळू आवाजात म्हणाली. "मी काल रात्री चाखली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तो इतका खूश होता गं."

इतरांसाठी राखून ठेवलेले सगळे शब्द डोरीनच्या जिभेवर आले होते. लेकीच्या खांद्यावरच्या त्या डागाकडे बघून तिने ते गिळले. त्या बीअरच्या घोटापेक्षा कडू लागले.

"बाळ दे इकडे," ती म्हणाली. "आणि जा, नवीन पिंपाची चव घे. काय वाटेल ते त्याला सांग. छान सोडून."

बेथनी काउंटरपाशी गेली. टोबीने दिलेला ग्लास तिने तोंडाला लावला आणि बराच वेळ विचार केला.

"चांगली आहे," ती म्हणाली. "पण फार गार केलीस. चवच कळत नाही."

टोबीचं तोंड पडलं. मग तो पिंपावरची बर्फाची पिशवी काढायला मागे गेला.