शवागारातली सुरी

"ही कुठल्या कंपनीची?" तपासणीला नगरहून आलेल्या साहेबांनी ट्रेमधली सुरी रुमालात धरून वर उचलली.

"कंपनीची न्हाई साहेब. मीच केलीय," कल्याण म्हणाला.

"तू?"

"व्हय."

साहेबांनी आधी डॉक्टर सुकन्यांकडे पाहिलं, मग भांडार सांभाळणाऱ्या हनुमंतकडे. दोघंही फरशीकडे पाहत होते.

कल्याण भिंगारदिवे एकोणीस वर्षं त्या ग्रामीण रुग्णालयाच्या शवागारात होता. कागदावर सफाईगार. शवविच्छेदन डॉक्टरनं करायचं, असा नियम. प्रत्यक्षात डॉक्टर नाकाला रुमाल लावून दारातून सांगत आणि कल्याण कापत असे. सात डॉक्टर आले, सात गेले.

सरकारी सुरी तो लागला तेव्हाची. घासून घासून तिचं पातं बोटाएवढं उरलं होतं. तिनं कातडी कापली जात नसे, फाटायची. फाटलेल्या कडेला टाका धरत नसे, आणि घरी पोचेपर्यंत चादरीवर डाग उमटत. नव्या सुरीसाठी कल्याणनं तीन अर्ज दिले. "वर पाठवलाय," हनुमंत दर वेळी सांगायचा.

शेवटी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यानं स्वतःच सुरी करायला घेतली. घोडेगावच्या भंगारवाल्याकडून लोखंड कापायच्या मशीनचं तुटकं पातं आणलं. दात घासून काढले. पातं तापलं तर त्याचं पाणी उतरतं, धार टिकत नाही, म्हणून चार वेळा घासलं की ते बादलीत बुडवलं. लाकडात रक्त मुरतं, म्हणून मुठीला लाकूड लावलं नाही. जुन्या मेन स्विचच्या बोर्डाची बेकेलाइटची, त्या कडक काळ्या प्लास्टिकची, पट्टी कापून बसवली. मोडक्या स्टोव्हच्या पितळी दांड्याचे तुकडे ठोकून ती पक्की केली. चार दिवस गेले. बायको शुभांगी म्हणाली, "सनासुदीचं हे काय घिऊन बसलात?" तो पातं घासत राहिला.

"उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" साहेबांचा आवाज चढला. "जप्त करा ही. आणि याला मेमो द्या."

हनुमंत सुरीच्या पाकिटाला सील लावत होता, तेवढ्यात आवारात जीप आली. बालमटाकळीची दिपाली, वय बावीस. सकाळी विहिरीवरची मोटार चालू करताना शॉक लागून ती गेली होती. मागोमाग तिची आई लंकाबाई उतरली आणि शवागाराच्या पायरीवरच बसली.

"सरकारी सुरी आहे ना? ती वापर," साहेब म्हणाले.

हनुमंतनं ती आणून दिली. कल्याणनं तिच्या धारेवर अंगठा दाबून ओढला आणि अंगठा साहेबांपुढं धरला. ओरखडासुद्धा नव्हता.

"ह्यानं मी कापनार न्हाई."

"काय म्हणालास? सस्पेंड करीन!"

"करा," कल्याण म्हणाला. "एकोनीस वर्सं मी मानसं फाडून शिवली साहेब, तवा कुनी इचारलं न्हाई, तुज्याकडं सुरी हाय का म्हनून. आज मी माज्या हातानं केली, तर मेमो? भाईर तिची आई बसलीय. तिला काय फाटकी लेक दिऊ?"

"नियम म्हणून काही..."

"नियमात कापायचं काम माजं न्हाईच. डॉक्टरचं हाय. घ्या ही. तुमी कापा, मी धरतो."

त्यानं बोथट सुरी पुढं केली. कुणीही हात पुढं केला नाही. डॉक्टर सुकन्यांचा चेहरा लाल झाला. तीन महिने त्यासुद्धा दारातूनच सांगत आल्या होत्या. त्या बाहेर गेल्या आणि ऑपरेशन थिएटरमधल्या ब्लेडची मूठभर पाकिटं घेऊन परतल्या. त्यांनी हातमोजे चढवले.

"मामा, मी कापते. कुठं, किती, ते तुम्ही सांगा."

ब्लेड नखाएवढी. दर थोड्या वेळानं बदलावी लागत होती. एरवी तासाभराचं काम, त्याला अडीच तास लागले. मध्ये एकदा डॉक्टर भिंतीला टेकल्या, घोटभर पाणी प्याल्या आणि परत टेबलाशी आल्या. साहेब सुरीचं पाकीट घेऊन केव्हाच निघून गेले होते. टाके कल्याणनं घातले, एकाला एक लागून.

मग त्यानं दार उघडलं. "या मावशी."

लंकाबाई आत आल्या. चादर थोडी खाली करून त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं.

"लई दुखलं असंल का रं तिला?"

"न्हाई मावशी. आता न्हाई दुखत."

हनुमंत मेमोचा कागद आणि पेन घेऊन दारात आला. "कल्याण, इथं सही कर. तीन दिवसांत खुलासा मागितलाय."

कल्याणनं वळूनही पाहिलं नाही, नुसता हात वर करून त्याला दारातच थांबवलं. लंकाबाई लेकीचे ओले केस बोटांनी सोडवत होत्या. गुंता बराच होता, आणि त्यांना घाई नव्हती.