तीन स्पेसचा ठराव

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर कोडची ओळ लिहिताना आधी जो जितक्या मोकळ्या स्पेस सोडतो, तितके हात त्याची खुर्ची पुढे सरकते. मी चार सोडतो, हेमांगी दोन. हेमांगी माझी बायको. मोईन, खरोटे आणि आम्ही दोघं, असे चौघं एकाच प्रोजेक्टवर आहोत.

खोली आपली लांबत जाते, कुणी भिंतीवर आपटत नाही, एवढं बरं. पूर्वी संध्याकाळी खुर्च्या मागे यायच्या. हल्ली येत नाहीत. डबा घेऊन हेमांगीपर्यंत पोहोचेस्तोवर पोळ्या वातड होतात, आणि परवापासून ती मला नखाएवढी दिसायला लागली. लग्नाला अजून वर्ष नाही झालं, आणि स्वतःच्या बायकोशी चॅटवर बोलायचं? डोकंच फिरलं माझं.

मोईन आमचा टीम लीड. त्याला म्हटलं, मीटिंग लाव, सगळ्यांची एकच पद्धत ठरव. तासभर कुणाचा पायपोस कुणात नव्हता. कंस त्याच ओळीत की खालच्या, यावरून खरोटे राजीनाम्यापर्यंत गेला. मी मोडेन पण वाकणार नाही असा माणूस, तरी चॅटवर लिहिलं, 'दोन चालतील.' त्याच क्षणी तिकडून हेमांगीचं आलं, 'चार चालतील.' मला भरून आलं. मोईननं तीन ठरवल्या. तीन कुणीच सोडत नव्हतं, म्हणून ते सगळ्यांना पटलं.

कोड आपोआप सारखा करणारं टूल त्यानं लावलं. घाईत 'फक्त प्रोजेक्ट' निवडायचं सोडून 'सगळीकडे' निवडलं. खुर्च्या खडखडत आल्या आणि एका रांगेत लागल्या. हेमांगी माझ्या शेजारी, मांडीला मांडी लावून. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

टूल चालूच राहिलं. खरोटेचा तिरका भांग सरळ झाला. मोईनचं पोट आत गेलं. चहापर्यंत आमची उंची एक झाली, मग शर्ट, मग हसणं, मग चेहरे. कुणी तक्रार केली नाही. काम झपाट्यानं होत होतं, आणि ही ओळ कुणाची म्हणून भांडायला काही उरलंच नव्हतं. मधे कुणीतरी पाणी प्यायला उठलं, दुसरं कुणी खिडकी लावायला. परत कोण कुठे बसलं, ते मी पाहिलं नाही.

सहाला सगळे एकदम उठलो.

"चल, घरी जाऊ," शेजारचं माणूस म्हणालं. आवाज आमचा चौघांचा होता.

तू कोण, असं विचारावंसं वाटलं, पण हात पुढे आला होता. मी धरला. उबदार होता. खरं सांगतो, मी सुखात होतो.

जिन्यात मागे वळून पाहिलं. उरलेले दोघंही हात धरून उतरत होते. त्यातलं एक माझ्याकडे बघत रडत होतं.