मालूच्या डोक्याचा फोटो

मित्रांनो, फिल्म म्हटलं की तुम्हाला सिनेमा आठवेल. मी त्यातली नव्हे. मी एका डोक्याची फिल्म आहे. आता जुनी झाले, कोपऱ्यात चिरले. पण डूख धरून बसायला काही नवं असावं लागत नाही.

माझा जन्म ठाण्यातल्या एका तपासणी केंद्रात झाला, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा डोक्याचा स्कॅन काढायचा म्हणजे घरात रडारड व्हायची. कोपरीच्या मालूला आत नेलं तेव्हा तिचा नवरा गुणाजी बाहेर नखं खात बसला होता. मालूचं अर्धं डोकं ठणकायचं, उलट्या व्हायच्या. उजेड सोसायचा नाही आणि वास तर मुळीच नाही. घर कोळ्यांचं! सासू चंद्रभागा बाजारात मासळी विकायची, अंगणात सुकट वाळत पडलेली असायची. अशा घरात सुनेनं नाकाला पदर लावला की तो साऱ्या कोळीवाड्याचा अपमान ठरायचा.

यंत्रानं मालूच्या डोक्याचे, वड्या पाडाव्यात तसे, काप पाडले आणि ते माझ्या अंगावर ओळीनं उमटले. डॉक्टरांनी मला उजेडाच्या पेटीवर लावलं. काय ऐटीत होते मी तेव्हा!

"स्कॅन नॉर्मल आहे. काही नाही," डॉक्टर म्हणाले.

एवढं ऐकलं आणि सोबत आलेली चंद्रभागा उठलीच. गुणाजीलाही तिनं दंडाला धरून बाहेर नेलं. डॉक्टरांचं बोलणं मात्र संपलं नव्हतं. एकट्या उरलेल्या मालूला ते म्हणाले, "काही नाही म्हणजे गाठ नाही, रक्तस्राव नाही. ही चांगली बातमी. पण तुमचं दुखणं खरं आहे. ही अर्धशिशी आहे, ती फोटोत उमटत नाही. डोकं चढायला लागलं की लगेच गोळी घ्या आणि अंधारात पडून राहा."

घरी येऊन मालूनं हे सांगून पाहिलं. ऐकतो कोण? चंद्रभागा शेजारणींना बोलवायची, मला पाकिटातून ओढायची आणि खिडकीशी धरायची. तिच्या ओल्या बोटांवरचे मासळीचे खवले माझ्या अंगाला चिकटायचे.

"बगा गो, डोक्यान काय नाय हिच्या. डॉक्टरच बोलला, नॉर्मल. सगला नाटक!"

बायका हसायच्या. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मालूला चंद्रभागा उठवून बोंबील तळायला बसवायची. नाटकं थांबली नाहीत तर माहेरी पोचवू, अशी धमकीही देऊन झाली. गुणाजी म्हणायचा, "फोटो काय खोटा असतो?"

मी खोटी नव्हते, मित्रांनो! जे माझ्यात दिसूच शकत नाही, त्याची खोटी साक्ष माझ्याकडून काढली जात होती, आणि मला बोलता येत नव्हतं. मालूला निदान रडता तरी येत होतं. मी आतल्या आत जळत राहिले.

पुढे माझं नवल संपलं. पाटीतलं पाणी मानेवर गळतं म्हणून एके सकाळी चंद्रभागेनं मला डोक्यावरच्या चुंबळीवर पसरलं आणि वर मासळीची पाटी ठेवली. सुनेच्या डोक्याचा फोटो सासूच्या डोक्यावर! रोज बर्फाचं, रक्ताचं पाणी माझ्यावरून वाहायचं. मी दिवसेंदिवस बुळबुळीत होत गेले आणि माझ्या वेळेची वाट बघत राहिले.

ती वेळ बाजाराच्या पायऱ्यांवर आली. चंद्रभागा एका ओळखीच्या बाईला मालूच्या नाटकांची नक्कल करून दाखवत होती. नकलेसाठी तिनं मान तिरकी केली. मी सटकले. लोक त्याला अपघात म्हणतात, म्हणू देत. पाटी गेली, पापलेटं चिखलात लोळली आणि चंद्रभागा पायरीवर कंबरेवर आपटली. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

कंबरेचा एक्स-रे काढला. "नॉर्मल आहे. हाड शाबूत आहे, मुका मार बसलाय. शेकत राहा," असं डॉक्टरांनी सांगितलं. चंद्रभागा अंथरुणावर कण्हत पडली. गुणाजीनं मलाही पाटीबरोबर घरी आणलं होतं. मालूनं मला धुऊन दोरीवर वाळत घातलं, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं.

शेजारणी समाचाराला जमल्या. मालूनं सासूचा एक्स-रे घेतला आणि खिडकीशी धरला.

"बगा गो बायांनो. कमरेन काय नाय. नॉर्मल. सगला नाटक!"

कुणी हसलं नाही. चंद्रभागेच्या डोळ्यांत पाणी आलं. "मेले गो! मी काय खोटा बोलतंय?"

"मीपण खोटा नव्हतं बोलत, आय." मालूच्या हातात गरम पाण्याची पिशवी होती. ती तिनं पुढे केली नाही. "आधी सगल्यांसमोर सांगा."

"अगं, दे ना ती पिशवी," गुणाजी म्हणाला.

"तुमी गप ऱ्हावा."

चंद्रभागेनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मग पुटपुटली, "हिचा डोका खरंच दुकतं."

"मोठ्यान बोला. दारातलीला ऐकू नाय गेला."

"दुकतं गो, खरंच दुकतं! मीच उगा नाटक बोलले."

तेव्हा कुठे मालूनं पिशवी कंबरेखाली सरकवली. त्यानंतर मालूचं डोकं चढलं की चंद्रभागा सुकटीची परडी उचलून शेजारच्या अंगणात न्यायला लागली, कुरकुरत का होईना.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी डोकं धरून बसलं तर आधी खिडकी लावा, चुलीवरची फोडणी थांबवा आणि आवाज कमी करा. आमच्यात गाठ दिसली नाही तर जरूर पेढे वाटा. पण आम्हाला पुढे करून दुखणाऱ्या माणसाला खोटं ठरवू नका. अशा गोष्टींच्या शेवटी आम्ही वस्तूंनी क्षमा करायची असते, हे मला ठाऊक आहे. मालूनं केली असेल. मी केलेली नाही.